पोझ आणि कँडिड छायाचित्रण

माणसांचे फोटो काढण्याच्या दोन पद्धती. पोझमध्ये छायाचित्रकार व्यक्तीला बसवतो, प्रकाश लावतो, मान किती वळवायची ते सांगतो. कँडिडमध्ये व्यक्ती आपल्या उद्योगात असते आणि तिचे कॅमेऱ्याकडे लक्ष नसताना फोटो टिपला जातो.

सुरुवातीला पोझला पर्यायच नव्हता. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेरोटाइप तंत्रात प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. डोके हलू नये म्हणून स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधार लावत. हसू इतका वेळ टिकत नाही; जुन्या फोटोंतल्या गंभीर चेहऱ्यांमागे हेही एक कारण आहे. गंमत अशी की माणूस दिसणारा सर्वांत जुना मानला जाणारा फोटो पोझचा नसावा. या तंत्राचा जनक दागेर याने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधला वर्दळीचा रस्ता टिपला, तेव्हा चालणारी माणसे, गाड्या सगळे पुसले गेले. बूट पॉलिश करून घेणारा एक जण तेवढा उमटला, कारण त्याचा पाय जागेवर होता. आपला फोटो निघतोय हे त्याला बहुधा ठाऊकही नव्हते.

छोट्या कॅमेऱ्यांनी चित्र बदलले. १९२५ मध्ये लायका बाजारात आला. एरिख सालोमोनने १९२८ मध्ये टोपीत लपवलेल्या एर्मानॉक्स कॅमेऱ्याने जर्मनीतल्या एका खटल्याचे फोटो काढले. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा ठेवून समोरचे प्रवासी टिपले. ते फोटो पुस्तकरूपाने आले १९६६ मध्ये.

कँडिड म्हणजे खरे आणि पोझ म्हणजे खोटे, ही समजूत मात्र टिकणारी नाही. यूसुफ कार्शने १९४१ मध्ये ओटावात चर्चिलसाठी प्रकाश आधीच लावून ठेवला होता. ऐन वेळी त्याने पुढे होऊन चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि चेहऱ्यावर उमटलेला राग टिपला. मांडणी सगळी ठरवलेली, पण राग अस्सल. उलट रोबेर द्वानोचे १९५० चे पॅरिसमधले चुंबन अनेक वर्षे रस्त्यावरचा सहज क्षण म्हणून मिरवले. ते जोडपे अभिनयाचे विद्यार्थी होते आणि त्यांना पुन्हा चुंबन घ्यायला सांगितले होते, हे १९९० च्या दशकात कोर्टकज्ज्यांच्या निमित्ताने सर्वांना कळले. फोटो सुंदरच आहे. आक्षेप घ्यायचा तर तो पोझवर नव्हे, ती लपून राहण्यावर घ्यावा.

पोझमध्ये सर्वांत अवघड असतात ते हात. ते कुठे ठेवायचे हे भल्याभल्यांना सुचत नाही, म्हणून अनुभवी छायाचित्रकार हातांना काम देतात: चष्मा पुसा, बाही दुमडा. ‘झालं’ म्हटल्यावर माणूस श्वास सोडतो, खांदे उतरतात. बरेच जण नेमके तेव्हा पुन्हा बटण दाबतात. कँडिडची मेहनत वेगळी. रस्त्यावर फोकस जुळवायला वेळ नसतो, म्हणून वाइड लेन्सवर एफ/८ (लेन्सचे छिद्र लहान, म्हणजे थोडे मागचे-पुढचेही स्पष्ट येते) ठेवून दोन-तीन मीटरवर फोकस आधीच बांधून ठेवतात आणि माणूस त्या टप्प्यात येण्याची वाट पाहतात.

संमतीचा प्रश्न कँडिडमध्ये तीव्र होतो. सार्वजनिक जागी फोटो काढण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. जाहिरातीसाठी मात्र व्यक्तीची लेखी परवानगी घेण्याचा प्रघात आहे. लहान मुले, रुग्ण किंवा शोकात असलेली माणसे यांच्याबाबत कायदा आड येत नसला तरी आधी विचारावे, आणि नकार मिळाल्यास फोटो पुसून टाकावा.