जुन्नर तालुका बघायला येताय? निघायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

गाडी बुक झाली की हे पत्रक आम्ही सगळ्यांना देतो, कारण फोनवर प्रश्न ठरलेला असतो, सकाळी पुण्यातनं निघून शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट सगळं एका दिवसात होईल का? गाडीतनं उतरायचं, फोटो काढायचा, परत बसायचं असं केलं तर होईल. पण आमचं मनापासून सांगणं आहे की दोन दिवस काढा आणि सुरुवात शिवनेरीपासून न करता नाणेघाटापासून करा.

असं का, तर या तालुक्यात जे काही आहे त्यातलं बरंचसं त्या एका वाटेमुळं आहे. सोपारा, कल्याण या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि इथनं पुढं पैठणकडं जायचा, दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट ही. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण दिसेल, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं म्हणतात. खरं बघण्यासारखं मात्र शेजारच्या गुहेत आहे. तिथं सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख भिंतीभर कोरलाय, यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी दान दिली त्याचा हिशेब, आणि त्यातले आकडे म्हणजे आपल्या देशात दगडावर कोरलेल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या, त्या गेल्या, वरची नावं तेवढी राहिली. लोक धबधब्याच्या नादात या गुहेत दोन मिनिटं पण थांबत नाहीत याचं आम्हाला फार वाईट वाटतं. हात लावू नका, नावं कोरू नका, एवढं कराच.

उलटा धबधबा बघायचा तर जुलै-ऑगस्टात या, वारं एवढं असतं की पाणी खाली न पडता वर उडतं. तेच वारं माणसालाही ढकलतं म्हणून कड्याच्या टोकाला आमचा ड्रायव्हर जाऊ देणार नाही, राग मानू नका. पावसाळ्यात गर्दीच्या दिवशी कधी कधी सरकारी बंदी पण असते, तसं झालं तर तारीख बदलून देऊ.

आता लेणी. व्यापाऱ्यांकडं पैसा आला, त्यांनी तो भिक्खूंच्या निवाऱ्याला दिला, आणि जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी खोदली गेली. दान देणाऱ्यांत यवन म्हणजे ग्रीक लोक पण आहेत, त्यांची नावं लेखांत वाचायला मिळतात. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन सगळेच घेतात, पण तो गणपती बसलाय तो सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे मुळात बौद्ध विहारात, भिक्खूंच्या राहायच्या जागेत, आणि त्याला लागूनच सहावं लेणं आहे, खांबांवर हत्ती, वाघ कोरलेलं सुंदर चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. ते कुणी दिलं? कल्याणच्या सुलसदत्तानं. म्हणजे माणूस घाटाखालचा, घाट चढून वर आलेला, बघा कसं जुळतं. तुळजा लेणीतला बारा खांबांचा गोल चैत्य पण चुकवू नका, तिथं गर्दी अजिबात नसते.

शिवनेरीबद्दल आम्ही काय सांगायचं, १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म तिथं झाला, शिवाईदेवीच्या पाया पडा, जन्मस्थानापाशी जरा शांत उभे राहा. सेंट-परफ्यूम मारून येऊ नका आणि वर धूर तर अजिबात करू नका, कड्यावर आग्या मोहोळं असतात, याआधी लोकांना चावा घेतलेला आहे.

पूर्व भाग वेगळा. कुकडीवरची धरणं झाली, ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला लागला, माद्या पिल्लं पण उसातच घालतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. गावातल्या लोकांनी यात आपली लेकरं गमावलीत, त्यामुळं "बिबट्या दाखवा" असं कृपया कुणी म्हणू नये. संध्याकाळनंतर उसाच्या कडेनं पायी फिरायचं नाही, लहान मुलांचा हात सोडायचा नाही.

त्याच बाजूला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. आत जायला परवानगी लागते, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र सगळ्यांना बघता येतं आणि शाळेची पोरं असतील तर तीच तारीख धरा. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी राखेचा थर आहे, ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, कधी पडली यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दिसायला साधी पांढरट माती, पण पार समुद्रापलीकडनं आलीय!

जेवायला मासवडी (नावात मासा, पण असते बेसनाची) आणि रस्सा, घरगुती, आदल्या दिवशी सांगावं लागतं कारण सारण करायलाच वेळ जातो. गुढीपाडव्याच्या आधी आलात तर नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. हे तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं गाव, तिथं पाच मिनिटं तरी थांबू.

सोबत चांगली ग्रीप असलेले बूट, पाणी, टोपी, पावसाळ्यात जादा कपडे आणि थोडी रोख रक्कम ठेवा, नेटवर्कवर भरवसा नको. आजी-आजोबा असतील तर आधी सांगा, लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, ऊन चढायच्या आत त्या करून घेऊ. गाडी सकाळी सहाला दारात येईल.