चेंडू उचलायचा केव्हा? गोल्फमधील ‘रिलीफ’ आणि स्थानिक नियमांची पार्श्वभूमी

गोल्फचा मूळ दंडक एका वाक्यात मावतो: चेंडू जिथे पडला असेल तिथून आणि जसा पडला असेल तसाच मारायचा. नियमपुस्तकाची बरीचशी पाने मात्र या दंडकाला मुरड केव्हा आणि किती घालायची, हे ठरवण्यात खर्ची पडली आहेत. या मुरडीला गोल्फच्या भाषेत ‘रिलीफ’ म्हणतात, म्हणजे चेंडू अडचणीच्या जागेतून उचलून दुसरीकडे टाकण्याची मुभा. ही मुभा कधी दंड सोसून मिळते, कधी दंडाशिवाय. जगभरातील गोल्फसाठी 1 जानेवारी 2019 पासून जी सुटसुटीत नियमावली लागू झाली, तिचा मोठा भाग या रिलीफशी आणि क्लबांच्या स्थानिक नियमांशीच निगडित होता. ते बदल कोठून आले, हे समजण्यासाठी पावणेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

1744 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराने जवळच्या लीथच्या माळावर होणाऱ्या खुल्या स्पर्धेसाठी चांदीची गोल्फ स्टिक बक्षीस म्हणून ठेवली. तोपर्यंत तेथील मंडळी आपापसात खेळत होती आणि आपापसातल्या खेळाला लेखी नियम लागत नाहीत. वाद झालाच तर जुना जाणता खेळाडू काय तो निकाल देई. खुल्या स्पर्धेत बाहेरची माणसे येणार म्हटल्यावर मात्र तेथील ‘जंटलमन गोल्फर्स’नी तेरा कलमे कागदावर उतरवली. उपलब्ध नियमावल्यांपैकी हीच सर्वांत जुनी. ती पहिली स्पर्धा जॉन रॅट्रे नावाच्या शल्यवैद्याने जिंकली.

या तेरा कलमांतील पाचवे कलम पाण्याविषयी आहे. चेंडू पाण्यात किंवा पाणथळ घाणीत गेला, तर तो बाहेर काढून अडथळ्याच्या मागे आणायचा, टीवर (छोट्या उंचवट्यावर) ठेवून मारायचा आणि प्रतिस्पर्ध्याला एका फटक्याची सूट द्यायची. आठवे कलम हरवलेल्या चेंडूचे: शेवटचा फटका जेथून मारला तेथे परत जायचे, नवा चेंडू टाकायचा आणि पुन्हा एका फटक्याचा भुर्दंड सोसायचा. घोडा, कुत्रा किंवा माणूस यांच्यामुळे चेंडू अडला, तर मात्र कोणतीही सवलत नाही. तो थांबेल तेथूनच मारायचा.

सर्वांत बोलके आहे ते तेरावे आणि शेवटचे कलम. माळाच्या संरक्षणासाठी खणलेले चर, खंदक आणि घातलेले बांध, तसेच ‘स्कॉलर्स होल्स’ आणि ‘सोल्जर्स लाइन्स’ या जागा अडथळा मानायच्या नाहीत, तेथून चेंडू उचलून टीवर ठेवावा आणि लोखंडी स्टिकने मारावा, असे ते सांगते. ज्याने लीथचा माळ पाहिलेला नाही, त्याला या कलमाचा काहीही उपयोग नव्हता. म्हणजेच गोल्फच्या पहिल्याच लेखी नियमावलीचा शेवट एका अस्सल स्थानिक नियमाने होतो. खेळाचे नियम आधी आले आणि स्थानिक नियम मागाहून त्यांना चिकटले, अशी जी सर्वसाधारण समजूत असते, तिला या कागदाचा आधार नाही.

1754 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या खेळाडूंनी हीच नियमावली किरकोळ फेरफार करून स्वीकारली. पुढे प्रत्येक क्लब आपल्या सोयीने भर घालत गेला. चेंडू शोधण्यासाठी पाच मिनिटांची मर्यादा 1783 मध्ये ॲबर्डीनच्या गोल्फ मंडळाने प्रथम घातली आणि ती इतकी रुळली की 2019 मध्ये ती तीन मिनिटांवर येईपर्यंत दोन शतके उलटून गेली होती. एकोणिसाव्या शतकात खेळ स्कॉटलंडबाहेर पसरला. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना 1829 ची, म्हणजे ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांत त्याची गणना होते. खेळाडू गावोगावी जाऊन खेळू लागले, तशी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नियमाशी गाठ पडण्याची अडचण वाढत गेली. अखेर 1897 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने, म्हणजे आज नियम ठरवणाऱ्या ‘आर अँड ए’ या संस्थेच्या पूर्वसुरीने, नियम समिती नेमली आणि 1899 मध्ये एकत्रित नियमावली आली.

दरम्यान 1894 मध्ये अमेरिकेत ‘यूएसजीए’ (युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन) ही संघटना उभी राहिली होती आणि दोन मुलखांच्या नियमांत तफावत पडत गेली. चेंडूचा आकार, पटरची (चेंडू हलकेच होलमध्ये, म्हणजे खळग्यात, ढकलायच्या स्टिकची) घडण, सीमेबाहेर गेलेल्या चेंडूचा दंड अशा बऱ्याच बाबींत एकमत नव्हते. 1951 मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि 1952 पासून संयुक्त नियमावली लागू झाली. चेंडूच्या आकाराचा वाद तेवढा शिल्लक राहिला आणि तो 1990 पर्यंत रेंगाळला.

या एकत्रीकरणानंतरही स्थानिक नियमांची गरज संपली नाही, कारण गोल्फचे मैदान हॉकी किंवा टेनिसच्या मैदानासारखे ठरावीक मापाचे नसते. कुठे समुद्रकिनारा असतो, कुठे डोंगरउतार, तर पावसाळ्यात आपल्याकडे फेअरवेवर (बारीक कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) पाण्याची तळी साचतात. या वैविध्याचे टोकाचे उदाहरण 1940 मधले आहे. लंडनजवळच्या रिचमंड गोल्फ क्लबच्या मैदानावर जर्मन बॉम्ब पडू लागले, तेव्हा क्लबने तात्पुरते नियम जारी केले. तोफांचा मारा चालू असताना किंवा बॉम्ब पडत असताना स्पर्धकाने खेळ थांबवून आडोसा घेतला, तर दंड नाही. शत्रूच्या कारवाईने चेंडू हलला, तर तो परत जागेवर ठेवता येईल; हरवला किंवा नष्ट झाला, तर होलच्या जवळ न जाता दुसरा चेंडू विनादंड टाकता येईल. आणि फटका मारताना नेमका स्फोट झाला, तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारावा, पण एका फटक्याचा दंड भरून! बॉम्बसाठी सवलत नाही, फक्त पुन्हा मारण्याची संधी विकत घेता येते. हे वाचून हसू येते. पण लिहिणाऱ्याने नियमांची चौकट कुठेही मोडलेली नाही, हे जाणकाराच्या लगेच ध्यानात येईल.

स्थानिक नियम किती महागात पडू शकतो, हे ऑगस्ट 2010 मध्ये अमेरिकेतील व्हिस्लिंग स्ट्रेट्स मैदानावर दिसले. तेथे बंकरांची (वाळूच्या खड्ड्यांची) संख्या हजाराच्या आसपास आणि त्यांतले बरेच दोरीपलीकडे, प्रेक्षकांच्या पायाखाली तुडवले गेलेले. पीजीए चॅम्पियनशिपच्या आयोजकांनी स्थानिक नियम करून कळवले होते की, वाळूचा प्रत्येक असा खड्डा, त्यावरून कितीही माणसे चालून गेलेली असोत, बंकरच मानला जाईल. शेवटच्या दिवशी डस्टिन जॉन्सन एका फटक्याच्या आघाडीने अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर (टप्प्यावर) आला. त्याचा चेंडू गर्दीतल्या एका तुडवलेल्या वाळूच्या पट्ट्यावर होता. ती तुडवलेली मोकळी जागा समजून त्याने फटक्याआधी स्टिक वाळूला टेकवली. बंकरात हे निषिद्ध आहे. दोन फटक्यांचा दंड बसला, प्लेऑफमधील (बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक लढतीतील) जागा गेली आणि विजेतेपद मार्टिन कायमरकडे गेले. जॉन्सनने नियमांचा कागद वाचायला हवा होता, हे खरेच. तरीही एखादी जागा बंकर आहे की नाही, हे डोळ्यांना न कळता कागदावरून समजून घ्यावे लागत असेल, तर दोष सगळा खेळाडूच्या माथी मारता येत नाही.

नियमांचा मुळापासून फेरविचार आर अँड ए आणि यूएसजीए या दोन्ही संघटनांनी 2012 मध्ये हाती घेतला. 1 मार्च 2017 रोजी मसुदा जाहीर झाला, सामान्य खेळाडूंकडून सूचना मागवण्यात आल्या आणि चौतीस नियमांचे चोवीस करण्यात आले. त्यातील सर्वांत जास्त चर्चा झाली ती चेंडू टाकण्याच्या पद्धतीची, म्हणजे ‘ड्रॉप’ची.

ड्रॉपचा इतिहासही मजेशीर आहे. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ खेळाडूने होलकडे तोंड करून ताठ उभे राहायचे आणि चेंडू खांद्यावरून मागे टाकायचा, अशी रीत होती. चेंडू कुठे पडतो हे टाकणाऱ्याला दिसू नये, हाच हेतू. 1984 मध्ये ती बदलून हात खांद्याच्या उंचीवर सरळ धरून चेंडू सोडण्याची पद्धत आली. पण त्या उंचीवरून पडलेला चेंडू, विशेषतः उतारावर, घरंगळत जाई. मग पुन्हा टाका, तरी घरंगळला तर हाताने ठेवा, असा वेळकाढू कार्यक्रम चाले. 2017 च्या मसुद्यात गवतापासून इंचभर उंचीवरूनही चेंडू सोडता येईल, इतकी ढील होती. टीका झाल्यावर ती मागे घेऊन गुडघ्याची उंची ठरली. थोडे नशीब राहावे, पण चेंडू ठरलेल्या जागेतच राहावा, असा तो मध्यम मार्ग होता. रिलीफची जागा मोजण्यासाठी मसुद्यात वीस आणि ऐंशी इंच अशी मापे होती. तीही टिकली नाहीत आणि पटर सोडून खेळाडूजवळच्या सर्वांत लांब स्टिकची लांबी हे माप ठरले. खेळाडूच्या अंगात भिनलेली सवय मात्र सहजी जात नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये मेक्सिकोतील स्पर्धेत रिकी फाउलरने नकळत खांद्याच्या उंचीवरून चेंडू टाकला आणि तो तसाच मारला. त्याला एका फटक्याचा दंड झाला.

माझ्या मते या सुधारणेचे खरे मर्म मात्र गुडघ्यात नाही, स्थानिक नियमांच्या बढतीत आहे. पूर्वी मातीत रुतलेला चेंडू विनादंड काढण्याची मुभा फक्त बारीक कापलेल्या गवतापुरती होती. रफमध्येही (बाजूच्या वाढलेल्या गवतातही) ती द्यायची, तर समितीला स्थानिक नियम करावा लागे आणि व्यावसायिक स्पर्धांत तो बहुधा केलेला असेच. 2019 मध्ये ती मुभा मुख्य नियमातच आली. बंकरमधील दगड हलवण्याची परवानगीही आधी स्थानिक नियमाने मिळे. आता ती सर्वत्र आहे. ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर) चुकून हललेल्या चेंडूबद्दल दंड नको, हा स्थानिक नियम 2017 च्या आरंभी आला आणि दोनच वर्षांत मूळ नियमात विरघळला.

याच्या जोडीला स्थानिक नियमांची तयार वाक्येच समित्यांच्या हाती देण्यात आली. क्लबाने आपल्या मैदानाला लागणारे नमुने निवडायचे, स्वतःच्या भाषेत नवे नियम रचत बसायचे नाही. पावसाळी मैदानावर फेअरवेवरील चेंडू उचलून पुसून ठेवण्याची सवलत हा त्यांतलाच एक नमुना. पाण्याच्या अडथळ्याची व्याख्याही सैल करून ‘पेनल्टी एरिया’ हा शब्द आला, त्यामुळे समितीला झाडोऱ्याची किंवा कोरडी दरीदेखील लाल खुंट्यांनी आखता येते.

हरवलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र 1744 चे आठवे कलम अजून जिवंत आहे. परत मागे चालत जाण्याने खेळ खोळंबतो, ही तक्रार जुनी आहे. 1960 मध्ये यूएसजीएने फटक्याचा दंड वगळून पाहिला आणि लगेच परत आणला. 2019 मध्ये तडजोड म्हणून एक नमुना नियम देण्यात आला. चेंडू जिथे हरवला किंवा सीमेबाहेर गेला त्याच्या अंदाजाने, होलच्या जवळ न जाता, फेअरवेपर्यंतच्या पट्ट्यात दोन फटक्यांचा दंड घेऊन चेंडू टाकता येतो. रविवारच्या खेळाला तो सोयीचा आहे. व्यावसायिक स्पर्धांसाठी त्याची शिफारस नाही.

2023 च्या सुधारणेत आणखी एक गाठ सुटली. अडथळ्याच्या मागे, होलशी सरळ रेषेत जाऊन चेंडू टाकताना आधी संदर्भबिंदू ठरवायचा आणि त्याच्या पुढे गेलेला चेंडू पुन्हा टाकायचा, असा 2019 चा नियम होता. आता चेंडू त्या रेषेवर टाकायचा. तो जिथे प्रथम जमिनीला लागेल तिथून एका स्टिकच्या लांबीत, पुढे किंवा मागे, थांबला की पुरे. अडथळ्याच्या मागे चेंडू आणण्याची ही वाट लीथच्या पाचव्या कलमातली आहे, फक्त तिथे चेंडू टाकायचा नव्हता, टीवर ठेवायचा होता.