ऑयलरची २१४ कोटी

२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. पण हे तपासायचं कसं? शाळेतली रीत सांगते, वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे इथे ४६,३४०पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहा. अशा संख्या साडेचार हजारांहून जास्त आहेत. हातानं करायचं तर माणूस मेटाकुटीला येईल.

गणिती लेओनार्ड ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, दृष्टी जवळजवळ गेलेली. तरी १७७२ साली त्याने बर्लिनच्या गणिती योहान (तिसरा) बर्नूलीला पत्रातून कळवलं की ही संख्या मूळ आहे. साडेचार हजार भागाकार त्याने केलेच नाहीत. ही संख्या म्हणजे २चा ३१वा घात, वजा १. तिला विभाजक असलाच तर तो ६२च्या पटीपेक्षा १ने मोठा हवा, शिवाय त्याला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च उरायला हवी. दोन्ही अटी जोडल्या की २४८ने भागून १ किंवा ६३ बाकी ठेवणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. चाळणी किती बारीक बघा: ३, ५, ७, ११ सगळे बाद, पहिला उमेदवार थेट ३११. त्याने भागलं तर बाकी ३५, म्हणजे तोही गेला. मग ४९७, ५५९ अशा संख्या येतात, पण त्या मूळच नाहीत. पुढचा खरा उमेदवार १३०३. पावणेचारशेच्या आत सगळं आटोपतं!

१८११मध्ये इंग्रज गणिती पीटर बार्लोने या संख्येपासून बनणाऱ्या १९ आकडी परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतः सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते ती) लिहिलं, की याहून मोठी कोणी शोधणार नाही. असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग काही नाही, असं त्याचं म्हणणं. १८७६मध्ये फ्रेंच गणिती लूकासने याच घडणीची (२चा १२७वा घात, वजा १) ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं, तिच्यापासून आणखी मोठी परिपूर्ण संख्या बनते, आणि बार्लोचं भाकीत तिथेच निकालात निघालं.

उपयोगाचं म्हणाल, तर संगणकवाल्यांना ही संख्या तोंडपाठ असते. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती सलग ३१ एक अशी लिहितात, त्यामुळे ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ जागांत, एक बिट चिन्हाला दिल्यावर, मावणारी ती सर्वांत मोठी. १९७०पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी काठोकाठ भरतील आणि पुढच्याच सेकंदाला १९०१ साल दाखवतील. पण यात मूळ असण्याचा काही हात नाही, हे बरेचदा विसरलं जातं. सलग ६३ एकांची संख्याही असाच काठ आहे, आणि तिला खुशाल ७ने भाग जातो.

मूळपणा खरा कामाला येतो यादृच्छिक, म्हणजे फासे टाकल्यासारख्या वाटेल तशा येणाऱ्या, संख्या बनवताना. १ घ्या, १६,८०७ने गुणा, ऑयलरच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. त्या बाकीला पुन्हा तेच. १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. क्रम पार विस्कटलेला दिसतो, पण १ परत येईपर्यंत २,१४,७४,८३,६४६पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदाच हजेरी लावून जाते.