बाळाची गादी आणि मोहरीच्या उशीचा वाद : पार्श्वभूमी

सांगलीच्या कापड पेठेत किंवा साताऱ्याच्या मोती चौकाच्या आसपास बाळंतविडा घ्यायला गेलं की हल्ली झबली-टोपड्यांच्या आधी पारदर्शक पिशवीतला ‘बेडिंग सेट’ पुढे येतो. त्यात एक गुबगुबीत गादी, एक उशी, दोन छोटे लोड आणि वर मिटणारी मच्छरदाणी. माहेरच्यांनी हा सेट द्यायचाच, असा जणू रिवाज पडला आहे. रिवाज म्हणावा तर त्याचं वय मात्र फार नाही. आज ज्या आज्या नातवंडांसाठी तो निवडतात, त्यांच्या स्वतःच्या मुलांना असला सेट बहुधा नव्हता.

त्याआधीची रीत साधी होती. बाळ जन्मायच्या आत त्याच्यासाठी नवं काही आणून ठेवू नये असं मानत, त्यामुळे पहिला बिछाना घरातल्या जुन्या कपड्यांचाच होई. वापरून विरलेलं सुती लुगडं फाडून दुपटी करायची, उरलेल्या कापडाचे थर लावून वाकळ शिवायची. माण-खटावकडे खाली घोंगडं असायचं. म्हसवडची घोंगडी त्यासाठी प्रसिद्धच. बारशापर्यंत पाळणा नाही. तोवर बाळ बाजेवर आईच्या कुशीत. शेतात आणि उसाच्या फडात झाडाला बांधलेली साडीची झोळी. कृष्णाकाठी, माणदेशात, पाटणच्या डोंगरात तपशील बदलत. पण यातला बराचसा मुलूख १९४९ पर्यंत एकाच सातारा जिल्ह्यात मोडत होता आणि बाळंतिणीच्या खोलीपुरता तरी तो तसा एकच राहिला.

वाकळीबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण पुढच्या सगळ्या वादात ती विसरली जाते. धावदोऱ्याने घट्ट दाबलेले सुती थर बाळाच्या वजनाने खचत नाहीत. हवा खेळते, ओली झाली तर उन्हात टाकता येते, धुता येते. जमिनीवर किंवा बाजेवर पसरलेली ती एक सपाट, टणक जागा असते. बाळाला उबदार आणि मऊ काहीतरी हवं, हा आग्रह तेव्हाही होताच. पण मऊपणा अंगाला लागणाऱ्या दुपट्यात असायचा, खालच्या बिछान्यात नाही.

मऊ गादी आधी आली ती सावरीच्या कापसाची. पिंजारी दारावर येऊन घरच्या गाद्या पिंजून देई, त्यातच बाळासाठी सावरीची छोटी गादी-उशी भरून घेणं ही हौस होती आणि थोडी श्रीमंतीही. मग फोम आला. रेक्झिन आणि मेणकापडाच्या जागी ड्राय शीट आली. लोखंडी स्टँडचे पाळणे, नंतर लाकडी कॉट. दरम्यान बाळंतपणच घरातून दवाखान्यात गेलं. मिरजेत मिशनचं रुग्णालय १८९४ पासून होतं आणि पुढे मिरज वैद्यकीय गावच झालं. तरी राज्यभराचा आकडा बघितला तर २००५-०६ मध्ये दवाखान्यातली बाळंतपणं साधारण ६५ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ती ९५ टक्क्यांच्या घरात पोचली. दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी यायचं म्हणजे सोबत पिशवी आली, पिशवी आली म्हणजे तयार सेट आला.

आता या गोष्टीचा परदेशातला धागा. अमेरिका-युरोपात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळाला पालथं झोपवायचा सल्ला सर्रास दिला जाई. उलटी झाली तर घशात अडकणार नाही, असं त्यामागचं कारण सांगत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासांतून दिसलं की झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये पालथी झोपलेली फार जास्त आहेत. नेदरलँड्सने १९८७ मध्ये, ब्रिटन आणि न्यूझीलंडने १९९१ मध्ये लोकांना हे सांगायला सुरुवात केली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये भूमिका बदलली आणि १९९४ मध्ये देशभर मोहीम निघाली. १९९२ मध्ये अमेरिकेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास बाळं पालथी झोपत होती. मोहिमेनंतरच्या दहा वर्षांत अशा अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

आपल्याकडे या मोहिमेची फारशी चर्चा झाली नाही आणि ते समजण्यासारखं आहे. आपली बाळं उताणीच झोपतात. शिवाय इथे असे मृत्यू मोजले जाणंच अवघड. तान्ह्या बाळाचं शवविच्छेदन क्वचित होतं आणि ‘झोपेतच गेलं’ यापुढे नोंद सरकत नाही. पण त्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग होता : खालचा बिछाना टणक आणि सपाट, आणि त्यावर बाळाशिवाय काही नको. उशी नको, लोड नको, जाड पांघरूण नको, मऊ खेळणी नकोत. पहिला अर्धा भाग आपल्याला लागू नव्हता म्हणून दुसराही आपला नाही, असं गृहीत धरलं गेलं. आणि वाकळ मागे सारून मऊ सेट आमच्या भागात रुजला तो नेमका याच काळात. तिकडे कॉट रिकामी करायला सांगत होते, इकडे ती भरत होती.

खरी धुसफूस मात्र गादीवरून होत नाही, ती उशीवरून होते. त्यातही मोहरीच्या उशीवरून.

हा वाद घराघरांत सारखाच चालतो. सासूबाई किंवा आजी म्हणतात, डोकं नीट बसायला हवं. उशी नसेल तर मागून चपटं होतं आणि जन्मभर तसंच राहतं. मोहरीचे दाणे डोक्याच्या भाराने सरकतात, मध्ये खळगा होतो, भार एका जागी येत नाही. शिवाय मोहरी उष्ण, थंडी-सर्दी लागू देत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर कुठलीही उशी नको. मधल्यामध्ये बाळाची आई.

आजीच्या म्हणण्यातला पहिला भाग खोटा नाही. तान्ह्या बाळाची कवटी खरोखर मऊ असते आणि सतत एकाच बाजूला भार आला तर तिथे सपाट होते. गंमत म्हणजे पाश्चात्त्य देशांना हे १९९२ नंतर नव्याने कळलं. बाळं उताणी झोपू लागली तशी चपट्या डोक्याच्या तक्रारी वाढल्या आणि तिकडेही डोक्याला आकार देणाऱ्या, मध्ये खळगा असलेल्या उशांचा बाजार उभा राहिला. म्हणजे आपल्याकडे मोहरीची पिशवी जे करू पाहत होती, तेच तिकडे फायबर भरून विकलं जाऊ लागलं. तीच उशी मग ऑनलाइन इकडे आली आणि आता सेटमधली उशी बहुतेक वेळा त्याच आकाराची असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या औषधं आणि वैद्यकीय साधनांच्या नियामकाने पालकांना स्पष्टच बजावलं की अशा उशा वापरू नका. त्यांचा फायदा सिद्ध नाही आणि श्वास कोंडण्याचा धोका आहे.

धोका कसा, हे इथे फार कोणी समजावून सांगत नाही. ‘नको म्हटलं ना’ एवढ्यावर बोलणं संपतं. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि मागची बाजू फुगीर. सपाट जागेवरसुद्धा मान किंचित पुढे झुकलेली असते. त्याखाली उशी दिली की हनुवटी छातीकडे जाते आणि आधीच अरुंद असलेली श्वासनळी आणखी दबते. मोठा माणूस डोकं हलवून मोकळा होतो, महिन्याभराच्या बाळाला ते जमत नाही. तोंड उशीच्या कडेला वळलं तर सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते. मोहरीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी : ती धुता येत नाही, आणि शिवण उसवली तर दाणे नाका-कानात जायला वेळ लागत नाही.

तरीही या वादात आजीला जितकं अडाणी ठरवलं जातं तितकं ते न्याय्य नाही. तिची उशी चपटी, हातभर अंतरावर कोणीतरी सतत बसलेलं असतानाची. सव्वा महिना बाळंतीण खोलीत, सोबत एक बाई, रात्रीसुद्धा कोणी ना कोणी जागं. उशीने डोकं बसतं हा समज चुकीचा असेल, पण दर थोड्या वेळाने बाळाची कूस आणि डोक्याची दिशा बदलणारा हात तिथे होता, आणि डोक्याचा आकार त्या हाताने राखला जात असावा, असं मला वाटतं. आज ती माणसं घरात नाहीत, उशी मात्र राहिली. पुण्या-मुंबईला नोकरी करणारं जोडपं, रात्री दोघंही थकून झोपलेले, बाळ कॉटमध्ये फुगीर उशीवर : ही आजीची पद्धत नव्हेच.

चपट्या डोक्यावर डॉक्टर जो उपाय सांगतात तोही फार नवा नाही. झोपवताना डोक्याची दिशा आलटून पालटून ठेवायची, जागं असताना समोर बसून थोडा वेळ पालथं घालायचं, सतत एकाच हातावर घ्यायचं नाही. बाळ बसायला लागलं की बहुतेकांचं डोकं आपोआप सावरतं. मान कायम एकाच बाजूला वळत असेल तर मात्र ते उशीचं प्रकरण नाही, मानेच्या स्नायूचं असू शकतं, आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

लोडांचं तसं नाही, त्यांच्या बाजूने बोलायला कोणी फारसं उभं राहत नाही, तरी ते सेटमध्ये असतातच. जमिनीवर झोपलेल्या बाळाच्या दोन बाजूंना लोड ठेवायचे ते मुख्यतः येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडू नये म्हणून. कॉटमध्ये त्यांचं काही काम नाही. तान्हं बाळ लोळतही नाही. लोळायला लागेपर्यंत ते लोड आणि कठड्याच्या फटीत तोंड खुपसण्याएवढं मोठं झालेलं असतं. अमेरिकेत कठड्याला लावायच्या मऊ पट्ट्यांवर शिकागो शहराने २०११ मध्ये बंदी घातली, देशभरात कायदा २०२२ मध्ये झाला. त्याच कायद्याने दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपण्याची साधनंही बाद झाली. त्याआधी २०१९ मध्ये असल्या एका उत्पादनाचे सुमारे ४७ लाख नग बाजारातून परत घ्यावे लागले होते. आपल्याकडे कललेले बाउन्सर आणि विजेवर डोलणारे पाळणे ‘बाळ लगेच झोपतं’ या एका वाक्यावर खपतात.

पांघरुणाचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा, आणि इथे परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही. तिकडची काळजी बाळ फार तापू नये ही. आपल्या सरकारी आरोग्य यंत्रणेची काळजी बाळ गार पडू नये ही. कमी वजनाची बाळं इथे पुष्कळ, आणि गार पडणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी येते तेव्हा बाळाचे तळवे, पोट बघते, टोपडं-मोजे घाला, छातीशी धरा असं सांगते. ते बरोबरच आहे. पण हाच सल्ला वजन भरलेल्या बाळालाही आणि बारा महिने लावला जातो. पाचगणीच्या जानेवारीत जे योग्य ते जत-आटपाडीच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली योग्य कसं असेल? दुपटं, कुंची, वर ब्लँकेट, तोंडावरून ओढलेलं, खिडक्या बंद आणि मानेवर घाम : हे दृश्य उन्हाळ्यातही दिसतं. एक-दोन सुती थर, पांघरूण छातीच्या वर नाही, आणि मानेला हात लावून घाम बघणं, याच्या पलीकडे त्यात शास्त्र नाही.

राज्य सरकारने २०१९ मध्ये पहिल्या बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलेल्या आईला सुमारे दोन हजार रुपये किमतीचा संच द्यायला सुरुवात केली. त्यात कपडे, तेल, थर्मामीटर यांच्याबरोबर छोटी गादी, मच्छरदाणी आणि ब्लँकेट. हेतू चांगला, आणि डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणीबद्दल तर कोणाचंच दुमत नसावं. पण सरकारी संचात गादी आली म्हणजे बाजारातल्या तशाच गादीवर शिक्का बसल्यासारखं होतं, आणि ती किती टणक हवी याबद्दल खरेदीच्या ठिकाणी बोललं जात नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पुराचं पाणी प्यालेली कापसाची गादी वाळवून पुन्हा बाळाखाली घालता येत नाही. ज्यांच्या घरातल्या पिढीजात वाकळी त्या चिखलात गेल्या, त्यांना नव्या शिवायला जुनी सुती लुगडी कुठून आणायची? घरात आता सिंथेटिक साड्याच जास्त. तयार सेटकडे वळण्यात निवड कमी आणि नाइलाज जास्त, असंही अनेक घरांत झालं असणार.

तर आज दुकानात उभं राहिल्यावर प्रश्न उरतो तो सेट फोडून घेण्याचा. दुकानदार सहसा तयार नसतो. मच्छरदाणी सुटी मिळते, ती घ्यावी. ज्या मच्छरदाणीला तळाशी फुगीर गादी शिवलेली असते ती टाळावी. गादीवर तळहात दाबून सोडला की ठसा राहता कामा नये. कॉट असेल तर तिचं आतलं माप लिहून न्यावं, कारण गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून जास्त फट चालत नाही. गादीवाल्याकडून मापाने शिवून घेतली तर दाबून भरायला सांगावं लागतं. न सांगता तो बाळाची म्हणून मऊच भरतो.