सलगमांचा बाजार (ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स)

निन्टेंडोच्या ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या लाइफ सिम्युलेशन गेममधील सलगमांची (टर्निप या कंदभाजीची) साप्ताहिक खरेदी-विक्री. स्विच कन्सोलसाठीचा हा गेम 20 मार्च 2020 रोजी बाजारात आला. त्यात खेळाडू एका बेटावर वस्ती करतो, मासे व किडे पकडून विकतो आणि टॉम नुक या पात्राकडून घेतलेले घराचे कर्ज फेडत राहतो. चलनाचे नाव बेल्स. गेममधले घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालते.

या जगातील बहुतेक वस्तूंचा भाव कायमचा ठरलेला असतो. सोनेरी ट्राउट मासा दुकानात 15,000 बेल्सलाच जातो, मग तो आज विका की वर्षाने. दुकानातून घेतलेली खुर्ची परत विकली तर खरेदीच्या किमतीचा चौथा हिस्सा मिळतो. दुकान बंद असताना बाहेरच्या पेटीत माल टाकला तर 80 टक्के रक्कम हाती येते. हाताने बनवायच्या वस्तूंपैकी एखादीला त्या दिवशी दुप्पट भाव मिळतो, एवढीच काय ती हालचाल. खरी चढउतार आहे ती सलगमांत, आणि या गेमच्या अर्थव्यवस्थेतला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भागही तोच.

रविवारी पहाटे 5 ते दुपारी 12 या वेळेत डेझी मे ही विक्रेती बेटावर येते. तिचा दर नगामागे 90 ते 110 बेल्स असतो आणि माल दहाच्या पटीत घ्यावा लागतो. सोमवार ते शनिवार टिमी आणि टॉमी यांच्या दुकानात सलगम विकता येतात. तेथील भाव दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी 12 वाजता, बदलतो. म्हणजे आठवड्यात विक्रीच्या बारा संधी. पुढच्या रविवारपर्यंत माल पडून राहिला तर तो सडतो. कन्सोलचे घड्याळ मागे फिरवले तरी सडतो. सलगम घराच्या कोठारात ठेवता येत नाहीत, बाहेरच्या पेटीतही टाकता येत नाहीत, त्यामुळे खेळाडू ते जमिनीवर किंवा घरात मांडून ठेवतात. साठेबाजीला जागाच ठेवलेली नाही. या नाशवंतपणामुळेच निर्णयाला धार येते.

आठवड्याचे भाव चारपैकी एका साच्यात बसतात. 2020 च्या एप्रिलमध्ये निन्जी या टोपणनावाच्या प्रोग्रामरने गेमचा कोड उलगडून हे साचे उघड केले. पहिल्या साच्यात भाव खालीवर होत राहतो आणि चढाच्या वेळी रविवारच्या दराच्या 90 ते 140 टक्क्यांमध्ये असतो. दुसऱ्यात तो आधी उतरतो, मग काही टप्प्यांत उसळतो. हे शिखर मंगळवार दुपार ते शुक्रवार दुपार यांच्या दरम्यान येते आणि मूळ दराच्या दुप्पट ते सहापट असते. 110 ला घेतलेला सलगम म्हणूनच 660 पर्यंत जाऊ शकतो. शिखरानंतरच्या अर्ध्या दिवसात भाव पुन्हा दुपटीच्या आत येतो, त्यामुळे दुपारचा भाव न पाहणारा खेळाडू मोठी कमाई गमावतो. तिसऱ्या साच्यात भाव सोमवारपासून शनिवारपर्यंत फक्त घसरतो. चौथ्यात लहान शिखर येते, फार तर दुप्पट.

पुढचा साचा मागच्या आठवड्यावर अवलंबून असतो. सतत घसरणीच्या आठवड्यानंतर मोठ्या उसळीची शक्यता 45 टक्के असते, मोठ्या उसळीनंतर ती पुन्हा येण्याची फक्त 5 टक्के. तोटा सोसलेल्याला पुढच्या रविवारी पुन्हा खरेदी करण्याचे सबळ कारण यामुळे मिळते.

मात्र या भावांचा मागणी-पुरवठ्याशी काहीही संबंध नाही. बाजार समितीत आवक वाढली की कांदा पडतो. येथे एकाने चार हजार सलगम ओतले तरी पुढच्याला तोच दर मिळतो. कोणाच्या नफ्याने दुसऱ्याचे नुकसान होत नाही, आणि माझ्या मते या बाजाराला माणुसकी आली ती याच नियमामुळे. प्रत्येक बेटाचा भाव वेगळा असल्याने, आपल्याकडे 600 लागला की खेळाडू आपल्या बेटाचे विमानतळ उघडून इतर खेळाडूंना विक्रीसाठी बोलावू लागले. अनोळखी बेटांवर रांगा लावण्यासाठी ‘टर्निप एक्स्चेंज’ ही वेबसाइटही उभी राहिली. टाळेबंदीच्या त्या महिन्यांत घराबाहेर पडता न येणाऱ्या लोकांना भेटीगाठींचे हे एक निमित्त झाले. खिशाचे चाळीसही कप्पे भरले की चार हजार सलगम मावतात. 600 च्या भावाने त्यांचे 24 लाख बेल्स होतात, आणि घराचे शेवटचे, सर्वांत मोठे कर्ज 24,98,000 बेल्सचे आहे.

बेल्स वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे गेममधील बचत खाते. तो मात्र लवकरच अरुंद झाला. 2020 च्या एप्रिलमधील अद्ययावत आवृत्तीत व्याजाचा दर मासिक 0.5 टक्क्यावरून 0.05 टक्क्यावर आणला गेला आणि एका वेळच्या व्याजाला 9,999 बेल्सची मर्यादा पडली. पूर्वी ती 99,999 होती. घड्याळ पुढे ढकलून वर्षांचे व्याज गोळा करणाऱ्यांना याचा फटका बसला, पण रोज थोडे थोडे साठवणाऱ्यांचेही उत्पन्न घटले. त्यानंतर मोठी रक्कम वाढवायची तर रविवारी सकाळी डेझी मेला गाठणे हाच सर्वांत वेगवान उपाय उरला.