जन्मगाव वेगळं, घडलेलं गाव वेगळं

गेल्या मोसमाआधी चौदा वर्षांखालच्या पोरांचे फुटबॉलचे नोंदणी फॉर्म भरायला कोल्हापुरातल्या आमच्या तालमीत, म्हणजे आमच्या पेठेच्या फुटबॉल क्लबात, बसलो होतो. एक आई प्लास्टिकच्या फाइलमधून मुलाचा जन्मदाखला काढून देत होती. जन्मस्थळ : मिरज. मी तसंच लिहून घेतलं, तर पोरगं चिडलंच. "काका, मिरज कसं काय? मी शिवाजी पेठेतला हाय." त्याची आई म्हणाली, "आवो, पहिलं बाळंतपण माहेरी झालं माझं. सव्वा महिन्यात घेऊन आले की त्याला."

दाखला खरा होता आणि पोरगंही खरंच बोलत होतं. 'अमुक खेळाडू कुठला?' या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात : जन्मला कुठे आणि घडला कुठे. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला बाई माहेरी जाते. खेड्यातल्या कित्येक बायका मोठं हॉस्पिटल म्हणून शहरात दाखल होतात. त्यामुळे जन्मस्थळावरून खेळाडूंचा नकाशा काढला तर त्यात आजोळं आणि हॉस्पिटलं जास्त दिसतात, मैदानं कमी. युरोपातही तसंच आहे. फ्रान्सचा फुटबॉलपटू किलियन एम्बापेचा जन्म पॅरिस शहरातला, पण तो वाढला आणि फुटबॉल शिकला शेजारच्या बोंडी या उपनगरात. त्याच्या पायातला खेळ बोंडीचा आहे.

आता आपला अनिकेत जाधव घ्या. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्या भारतीय संघात तो होता. जन्म कोल्हापूरचा, फुटबॉलचं वेडही इथलंच. मात्र पुढची घडण पुण्यात, आधी क्रीडा प्रबोधिनीत आणि मग पुणे एफसीच्या अकादमीत. मग तो कोल्हापूरचा की पुण्याचा? मला विचाराल तर दोन्ही, फक्त कोणत्या अर्थाने ते सांगावं. 'कोल्हापूरने दिला' म्हणताना आपली छाती फुगते, ती फुगावीच. त्याच दमात हेही विचारायला हवं की बारा-तेराव्या वर्षानंतर त्याला वाढवायची सोय इथे का नव्हती. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला हजारो माणसं जमतात, हलगी घुमते, गल्लीगल्लीत झेंडे लागतात. पण मोठ्यांच्या सामन्याला जमणारी गर्दी आणि लहान पोराला रोज मिळणारा प्रशिक्षक या वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मगावावरून आपल्याला गुणवत्ता कळते. घडलेल्या गावावरून व्यवस्था कळते.

त्याच विश्वचषकातल्या भारताच्या २१ जणांपैकी ८ जण एकट्या मणिपूरचे होते. त्यातला जिक्सन सिंग थौबल जिल्ह्यातला. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध त्याने हेडर मारला, तो फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल. सगळ्यांनी मणिपूरचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं. पण हा पोरगा शिकला होता चंदीगडच्या अकादमीत. म्हणजे एका गोलात दोन गावांचा वाटा.

व्यावसायिक फुटबॉलचे नियम या दोन गोष्टींची गल्लत करत नाहीत. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, स्पर्धांसाठी क्लब २५ जणांची यादी देतो, त्यातल्या ८ जागा स्थानिक पातळीवर घडलेल्या खेळाडूंसाठी असतात. स्थानिक म्हणजे वयाच्या १५ ते २१ या काळात किमान तीन मोसम त्या क्लबकडे किंवा त्याच देशातल्या दुसऱ्या क्लबकडे नोंद असलेला. जन्म आणि पासपोर्ट कुठलाही चालतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही असाच नियम आहे. सेस्क फाब्रेगास स्पेनचा, पण सोळाव्या वर्षी लंडनच्या आर्सेनल क्लबला गेल्यामुळे इंग्लंडमध्ये तो घरचाच धरला गेला.

स्पेनच्या बिल्बाओमधला ॲथलेटिक क्लब तर दोन्ही वाटा उघड्या ठेवतो. बास्क प्रदेशात जन्मलेला चालतो, तिथे फुटबॉल शिकलेलाही चालतो. एमेरिक लापोर्त जन्माने फ्रान्समधल्या आजां गावचा, बास्क प्रदेशाबाहेरचा. तो फ्रान्सच्या बास्क भागातल्या बायोन गावामार्गे त्यांच्या अकादमीत आला आणि त्यांचा झाला. पेठेचा अभिमान आणि परगावच्या पोराला जवळ करणं, दोन्ही एकाच नियमात बसवता येतं हे मला फार आवडतं.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तालमींनी नीट लक्ष द्यावं ते इथे. करार संपायच्या आत एखादा व्यावसायिक खेळाडू एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर फिफाच्या नियमाने त्या बदलीसाठी क्लबाने मोजलेल्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक मोसमाला पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. खेळाडू एक कोटीला गेला आणि ते पहिले चारही मोसम तो तुमच्याकडे नोंदलेला होता, तर तुमचा वाटा एक लाखाचा. पोरांसाठी वर्षभराचे बॉल आणि बूट त्यात येतात. या हिशेबात जन्मदाखल्याचं गाव कुठेच येत नाही, नोंदणी कुठे होती एवढंच बघतात. पोरगं नुसतं मैदानात येऊन खेळत होतं, कागदावर नव्हतं, तर हाती काही लागत नाही.

म्हणून त्या दिवशी फॉर्मवर जन्मस्थळ मिरजच ठेवलं. खाली क्लबच्या रकान्यात तालमीचं नाव, मोसम आणि तारीख ठळक अक्षरात घातली, पोराची सही घेतली आणि एक प्रत कपाटातल्या फाइलला लावली. सही करताना त्याने हळूच विचारलं, "ह्यात शिवाजी पेठ कुठं आली?" पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.