संपातचलन

दिवस-रात्र समान असताना सूर्य आकाशात ज्या दोन ठिकाणी असतो, त्यांना संपातबिंदू म्हणतात; मार्चमधला तो वसंतसंपात. पृथ्वीचा अक्ष आपली दिशा अतिशय संथपणे बदलत असल्यामुळे हे बिंदू ताऱ्यांच्या संदर्भात दरवर्षी थोडे पश्चिमेकडे सरकतात. या सरकण्याला संपातचलन किंवा अयनचलन म्हणतात, आणि अक्षाच्या या गतीला परांचन गती. हा वेग वर्षाला सुमारे ५०.३ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला), म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश आहे. पूर्ण फेरीला जवळजवळ २५,८०० वर्षे लागतात.

पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ध्रुवांपाशी असते त्यापेक्षा सुमारे २१ किमी जास्त आहे. या फुगवट्यावर चंद्र आणि सूर्य तिरके ओढ लावतात. त्यात चंद्राचा वाटा मोठा. ही ओढ अक्षाला सरळ उभा करू पाहते, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने तो उभा न होता कललेल्या भोवऱ्यासारखा घुमतो. अक्षाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल जवळपास कायम राहतो, बदलते ती त्याची दिशा. हे कारण न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. चलन स्वतः मात्र त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. दुसऱ्या शतकात, ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कसने चित्रा ताऱ्याच्या जुन्या नोंदी स्वतःच्या वेधांशी ताडून ओळखले होते.

त्यामुळे ध्रुवताराही कायमचा नाही. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळ ठुबान हा तारा होता. आणखी बारा हजार वर्षांनी तेजस्वी अभिजित त्या भागात असेल.

भारतात हा विषय पंचांगाच्या मुळाशी जातो. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितले आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने स्पष्ट नोंदवले की पूर्वी आश्लेषार्धापासून होणारे दक्षिणायन आपल्या काळी कर्कारंभापासून होते. वैदिक नक्षत्रयाद्या कृत्तिकेपासून सुरू होतात; वसंतसंपात तेव्हा कृत्तिकेत असल्याची ती खूण मानली जाते. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा दाखवून वेदकाल ठरवण्याचा प्रयत्न केला. तो काल वादग्रस्त आहे, तरी सरकत्या संपातावरून जुन्या नोंदींचा काळ शोधण्याची पद्धत महत्त्वाचीच आहे. आज वसंतसंपात उत्तरा भाद्रपदा नक्षत्राच्या विभागात आहे.

मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होते, ही समजूत अजून घरोघरी आहे. प्रत्यक्षात सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो. संक्रांत ताऱ्यांवर बेतलेल्या निरयन राशीवरून ठरते, आणि निरयन वर्ष ऋतूंच्या सायन वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. म्हणूनच १४ जानेवारीची संक्रांत हळूहळू १५ तारखेकडे सरकते आहे. आजच्या दिनदर्शिकेच्या हिशेबाने शिवकाळात ती जानेवारीच्या ९ तारखेच्या आसपास येत असे.

निरयन राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता, यावर महाराष्ट्रात जोरदार वाद झाला. ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवणाऱ्या चित्रापक्षाचे, तर टिळक पंचांग रेवती ताऱ्यावरून तो ठरवणाऱ्या रैवतपक्षाचे. दोन्ही पक्षांच्या अयनांशांत (वसंतसंपात आणि हा आरंभबिंदू यांतल्या अंतरात) सुमारे चार अंशांचा फरक आहे. एवढ्या फरकाने एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा धरला जातो आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांतले सण शेजारच्या घरापेक्षा महिनाभर आधी किंवा नंतर येतात.

भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने राष्ट्रीय दिनदर्शिका सायन ठेवली. ती २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. धार्मिक सणांसाठी मात्र समितीने २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला धरून निरयन गणितच चालू ठेवले.